मोबाइलमधील नावांची वही : नोंद कशी ठेवावी?

मध्यरात्रीची वेळ आहे. गोठ्यात गाय अडली आहे. वासराचे पाय दिसतात, परंतु वासरू पुढे सरकत नाही. घरधनी गाईजवळ बसून आहे आणि त्याचा मुलगा घरात वडिलांचा मोबाइल घेऊन पशुवैद्यांचा क्रमांक शोधीत आहे. यादीत ‘डॉक्टर’ या नावाच्या तीन नोंदी आहेत. पहिला क्रमांक तालुक्याच्या गावी असलेल्या दातांच्या दवाखान्याचा निघतो. दुसरा बंद आहे. तिसरा लागतो, परंतु ते पशुवैद्य दोन वर्षांपूर्वी बदलून दुसऱ्या तालुक्यात गेलेले आहेत. सध्याच्या पशुवैद्यांचा क्रमांकही याच मोबाइलमध्ये आहे; मात्र तो ‘जाधव साहेब नवीन’ या नावाने नोंदलेला आहे आणि हे जाधव साहेब कोण, हे एकट्या वडिलांना ठाऊक. मुलगा गोठ्यात जाऊन विचारून येईपर्यंत पंधरा-वीस मिनिटे निघून जातात. अडलेल्या गाईच्या बाबतीत एवढा वेळ काही थोडा नव्हे.

या घरात मोबाइल होता, क्रमांक होता, पशुवैद्यही येण्यास तयार होते. उणीव होती ती केवळ नोंदीची. क्रमांक जवळ असणे आणि तो वेळेवर सापडणे या दोन वेगळ्या गोष्टी होत. बियाण्याच्या पिशवीवर वाणाचे नाव व तारीख लिहिलेली नसेल तर बी कितीही उत्तम असले तरी पेरणीच्या दिवशी त्याचा उपयोग होत नाही. मोबाइलमधील नावांचेही तसेच आहे. थोडी शिस्त पाळल्यास हीच यादी शेतीच्या एखाद्या अवजाराइतकी उपयोगी पडते. ती शिस्त कोणती, याचा विचार येथे करावयाचा आहे.

नोंद प्रथम कोठे साठवावी?

नवीन क्रमांक साठविताना मोबाइल बहुधा विचारतो की, नोंद सिमकार्डावर ठेवावयाची, मोबाइलमध्ये ठेवावयाची की गुगलच्या खात्यात. घाईत मनुष्य कोठेही बोट ठेवतो. पुढील सारे काम या निवडीवर अवलंबून असल्यामुळे तिचा अर्थ नीट समजून घेणे अगत्याचे आहे.

सिमकार्डाची जागा फार थोडी असते. त्यावर नाव व क्रमांक यांपलीकडे फारसे काही मावत नाही. लांब नाव तर मध्येच तुटते. गावाचे नाव, हुद्दा, टीप, फोटो यांना तेथे जागा नाही. केवळ मोबाइलमध्ये ठेवलेल्या नोंदीत ही सर्व माहिती राहते, परंतु मोबाइल विहिरीत किंवा पाटाच्या पाण्यात पडला की यादीही त्याबरोबर जाते. खात्यात साठविलेली नोंद मात्र नव्या मोबाइलवर तेच खाते उघडताच परत मिळते. सबब, स्मार्टफोन वापरणाऱ्यांनी नोंदी खात्यात साठवाव्यात आणि त्या खात्याचे नाव व परवलीचा शब्द घरातील एका विश्वासू माणसास माहीत करून द्यावा.

जुन्या नोंदी सिमकार्डावर असतील तर त्या एकदाच खात्यात उतरवून घेता येतात. नावांच्या यादीच्या व्यवस्थापनात सिमवरून नोंदी आणण्याची सोय असते. निरनिराळ्या मोबाइलमध्ये ती निरनिराळ्या ठिकाणी आढळते, परंतु असते खरी. न सापडल्यास शाळा-कॉलेजात जाणाऱ्या मुलाची किंवा मुलीची मदत घ्यावी.

नावात तीन प्रश्नांची उत्तरे असावीत

चांगली नोंद तीन प्रश्नांची उत्तरे देते : कोण? कोठला? कशासाठी? ‘पाटील’, ‘पाटील २’ आणि ‘पाटील नवीन’ या नोंदींतून यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. त्यांतील एक पाटील ट्रॅक्टरवाले, दुसरे अडते आणि तिसरे मुलीच्या सासरचे असू शकतात.

याकरिता एक सोपा नियम पाळावा. घरच्या माणसांची व सोयऱ्यांची नोंद नावाने व नात्याने करावी. ज्यांच्याशी कामाचा संबंध आहे त्यांच्या नोंदीत काम प्रथम, नंतर नाव व शेवटी गाव लिहावे. उदाहरणार्थ :

‘जाधव साहेब नवीन’ याऐवजी ‘पशुवैद्य जाधव, सरकारी दवाखाना’;
‘पाटील २’ याऐवजी ‘ट्रॅक्टर पाटील’ व पुढे त्यांच्या गावाचे नाव;
‘वायरमन’ याऐवजी ‘वायरमन’, त्याचे नाव व तो ज्या उपकेंद्राकडे आहे त्याचे नाव;
‘शेठ’ याऐवजी ‘अडते’, नाव व बाजार समितीतील गाळ्याचा क्रमांक.

असे केल्याने दोन लाभ होतात. वर्णक्रमाने लावलेल्या यादीत एका कामाची माणसे एकत्र येतात, त्यामुळे एक ट्रॅक्टरवाला रिकामा नसेल तर दुसरा त्याखालीच सापडतो. शिवाय ज्याला नाव ठाऊक नाही असा घरातील दुसरा माणूसही कामाच्या शब्दावरून क्रमांक काढू शकतो. नोंद मालकाच्या स्मरणशक्तीवर अवलंबून न ठेवणे, हे या पद्धतीचे खरे मर्म होय.

लिपीही एकच ठेवावी. काही नावे मराठीत व काही इंग्रजी अक्षरांत असली तर शोधताना घोटाळा होतो. घरातील सर्वांना वाचता येईल ती लिपी निवडावी. बहुतेक घरांत ती देवनागरीच असेल. बोलून फोन लावण्याची सोय ज्या मोबाइलमध्ये आहे तेथेही स्वच्छ व वेगवेगळी नावे असल्यास ती सोय अधिक नीट चालते.

साधा बटणांचा मोबाइल वापरणाऱ्यांनाही हा नियम लागू आहे. नावास जागा थोडी असल्याने त्यांनी कामाचा शब्द व गावाचे पहिले अक्षर एवढे लिहिले तरी पुरे.

माणूस बदलतो, काम राहते

सरकारी नोकरीतील माणसे बदलून जातात, परंतु त्यांचे काम त्या जागी चालूच राहते. जुन्या माणसाची नोंद तशीच राहिली म्हणजे ऐनवेळी त्यालाच फोन जातो. म्हणून बदली झाल्याचे कळताच जुन्या नोंदीचे नाव बदलून तीत ‘बदली झाली’ असे शब्द घालावेत आणि नव्या माणसाची स्वतंत्र नोंद करावी. जुना क्रमांक एकदम काढून टाकू नये. एखाद्या अर्जाबाबत पूर्वीच्या अधिकाऱ्यास विचारण्याची वेळ येते.

पदांची नावेही बदलतात. महाराष्ट्रात २०२४ साली तलाठ्यास ग्राम महसूल अधिकारी व ग्रामसेवकास ग्रामपंचायत अधिकारी असे पदनाम देण्यात आले. लोकांच्या तोंडी मात्र जुनेच शब्द आहेत. अशा ठिकाणी नावात रुळलेला शब्द ठेवावा व हुद्द्याच्या रकान्यात नवे पदनाम लिहावे. त्यामुळे बोलण्यात जुना शब्द व अर्ज लिहिताना नवे पदनाम, असे दोन्ही हाताशी राहते.

टीप, फोटो आणि घंटा

नोंद उघडून पेन्सिलीच्या खुणेवर बोट ठेवले म्हणजे ती सुधारता येते. तेथे नाव व क्रमांकाखेरीज संस्था, हुद्दा, पत्ता, टीप असे अनेक रकाने असतात. सर्व भरण्याची गरज नाही. शेतकऱ्यास त्यांपैकी टीपेचा रकाना विशेष उपयोगी आहे. मळणीयंत्रवाल्याच्या टीपेत गेल्या हंगामातील दर, ऊसतोड मुकादमाच्या टीपेत दिलेली उचल व तारीख, कृषी सेवा केंद्राच्या टीपेत दुकानाचा परवाना क्रमांक लिहून ठेवावा. पुढील हंगामात बोलणी करताना आठवणीवर विसंबून राहावे लागत नाही.

तथापि एक गोष्ट ध्यानात असावी. एखादी नोंद दुसऱ्यास पाठविली तर तिच्यातील टीपही बरोबर जाऊ शकते. म्हणून टीपेत कोणाविषयी उणादुणा शब्द लिहू नये.

ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी फोटोची सोय मोलाची आहे. नोंदीस त्या माणसाचा फोटो लावून ती नोंद मोबाइलच्या पहिल्या पानावर ठेवता येते. आजीने मुलाच्या चेहऱ्यावर बोट ठेवले की त्यालाच फोन लागतो. असे चार-पाच चेहरे पहिल्या पानावर असले तर वस्तीवर एकट्या राहणाऱ्या वृद्धांस मोठा आधार होतो.

विशिष्ट नोंदीस स्वतंत्र घंटा लावण्याची सोयही अशीच. पुष्कळ शेतकऱ्यांनी विहिरीवरील मोटारीस मोबाइलवर चालणारा स्टार्टर बसविला आहे. त्यात स्वतंत्र सिमकार्ड असते आणि काही प्रकारांत वीज येताच तो स्टार्टर मालकास फोन करतो. हा क्रमांक ‘मोटार, विहिरीवरची’ अशा नावाने नोंदवून त्यास मोठी व निराळी घंटा लावावी. रात्रीच्या पाळीची वीज केव्हा आली हे झोपेतही कळते आणि इतर फोनांसाठी विनाकारण जागे व्हावे लागत नाही. दोन विहिरी असल्यास दोन घंटा ठेवाव्यात.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

ज्या कार्यकर्त्याकडे तीन-चार गावे असतात त्याच्या मोबाइलमध्ये शेकडो शेतकऱ्यांची नावे असतात. ती नुसती वर्णक्रमाने ठेवून भागत नाही. गुगलच्या नावांच्या यादीत नोंदीस ‘लेबल’ लावता येते आणि एका नोंदीस एकाहून अधिक लेबले देता येतात. गावाचे एक व पिकाचे एक अशी दोन लेबले प्रत्येक शेतकऱ्यास लावावीत. मग ‘कापूस’ या लेबलाखाली सर्व गावांतील कापूस उत्पादक एकत्र दिसतात आणि गावाच्या लेबलाखाली त्या गावातील सर्व शेतकरी.

याचा उपयोग काय? कापसावरील गुलाबी बोंडअळीचे उदाहरण घेऊ. कामगंध सापळ्यात सलग तीन दिवस दररोज आठ किंवा अधिक पतंग सापडले म्हणजे उपाय योजण्याची वेळ आली असे समजतात. अळी एकदा बोंडात शिरली की फवारा तिच्यापर्यंत पोहोचत नाही. तेव्हा ही सूचना कापूस उत्पादकांना त्याच दिवशी मिळाली पाहिजे. सोयाबीनवाल्यांना, फळबागवाल्यांना व कापूसवाल्यांना सरसकट सर्व संदेश पाठवीत राहिल्यास थोड्याच दिवसांत कोणीही ते उघडून वाचीत नाही.

येथे एक अडचण अनेकांच्या लक्षात येत नाही. व्हॉट्सअॅपवर ‘ब्रॉडकास्ट’ यादी करून एकाच वेळी २५६ जणांपर्यंत संदेश पाठविता येतो. परंतु तो फक्त त्यांनाच पोहोचतो ज्यांनी पाठविणाराचा क्रमांक आपल्या मोबाइलमध्ये नावासह साठविलेला आहे. कार्यकर्त्याकडे शेतकऱ्याचे नाव आहे एवढ्याने भागत नाही. शेतकऱ्याकडेही कार्यकर्त्याचे नाव असावे लागते. संदेश गेला असे कार्यकर्ता समजतो, शेतकरी म्हणतो की आपणास काही कळविलेच नाही, आणि दोघेही खरे बोलत असतात. नुकसान मात्र पिकाचे होते.

त्यावर उपाय सोपा आहे. गावसभेत, शेतीशाळेत किंवा बांधावरील भेटीत कार्यकर्त्याने आपला क्रमांक नुसता सांगून निघून जाऊ नये. प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तो तेथल्या तेथे नोंदवून घ्यावा आणि एक चाचणी संदेश पाठवून तो मिळाला की नाही हे पाहावे. घरातील स्त्रियांच्या मोबाइलमध्येही तो असावा. निंदणी, वेचणी व दुभत्या जनावरांची निगा ही कामे पुष्कळशी त्याच पाहतात. सूचना त्यांच्यापर्यंत पोहोचली तर तिचा अंमल लवकर होतो.

बदली होताना कार्यकर्त्याने लेबलांसह ही यादी, शेतकऱ्यांना विचारून, नव्या माणसाच्या हवाली करावी. एका लेबलाखालील सर्व नोंदी एका फाईलमध्ये काढून देता येतात. त्यामुळे येणाऱ्या माणसाचे कित्येक महिन्यांचे श्रम वाचतात.

प्रत्येक घरात असावेत असे क्रमांक

पुढील क्रमांक कामाच्या शब्दाने नोंदवून ठेवावेत. हे लहान क्रमांक जसेच्या तसे लिहावेत. त्यांच्यापुढे +९१ लावू नये.

११२ : पोलीस व इतर तातडीची मदत.
१०८ : रुग्णवाहिका. सर्पदंश, विषबाधा, अपघात यांकरिता प्रथम हाच क्रमांक फिरवावा.
१९६२ : फिरते पशुवैद्यकीय पथक.
१०७७ : जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष.
१९१२ : विजेची तक्रार. तार तुटून पडली असल्यास तिच्याजवळ कोणासही जाऊ देऊ नये व ताबडतोब कळवावे.
१८००-१८०-१५५१ : किसान कॉल सेंटर. २००४ साली सुरू झालेल्या या सेवेत सकाळी ६ ते रात्री १० पर्यंत मराठीतून शेतीविषयक सल्ला विनामूल्य मिळतो.
१४४४७ : पीक विम्याची मदतवाहिनी. विमा योजनेत ज्या स्थानिक जोखमींचा समावेश असेल, त्यांमुळे झालेल्या नुकसानीची सूचना ७२ तासांच्या आत द्यावी लागते. हे शब्द याच नोंदीच्या टीपेत लिहावेत.
१९३० : मोबाइलवरून पैशांची फसवणूक झाल्यास तक्रार. फसवणूक लक्षात येताच जितक्या लवकर कळवावे तितकी रक्कम अडविली जाण्याची शक्यता अधिक.

याखेरीज आपल्या स्वतःच्या अपघाताचाही विचार करावा. २००५ साली इंग्लंडमधील बॉब ब्रॉची नावाच्या रुग्णवाहिका कर्मचाऱ्याने सुचविले की, प्रत्येकाने आपल्या मोबाइलमध्ये जवळच्या नातेवाइकाची नोंद एका ठरावीक खुणेने करावी, म्हणजे बेशुद्ध माणसाच्या घरी कोणास कळवावयाचे ते मदत करणारास कळते. आता मोबाइलला कुलूप असल्यामुळे नुसती नोंद उपयोगी पडत नाही. परंतु पुष्कळशा स्मार्टफोनमध्ये तातडीच्या माहितीची जागा असते. तीत रक्तगट, आजार व घरच्या दोन माणसांचे क्रमांक भरले असता कुलूप न उघडताही ती माहिती पाहता येते. रात्री-अपरात्री पाणी धरण्यासाठी एकट्याने शेतात जाणाऱ्यांनी ही माहिती अवश्य भरावी.

काय लिहू नये?

नावांची यादी ही तिजोरी नव्हे. पुष्कळ अॅप ही यादी वाचण्याची परवानगी मागतात व आपण ती न वाचताच देतो. म्हणून एटीएमचा पिन, आधार क्रमांक, बँकेचा परवलीचा शब्द या गोष्टी कोणत्याही नोंदीत किंवा टीपेत लिहू नयेत.

बँकेचा क्रमांक केवळ पासबुकावरून किंवा शाखेत जाऊन घ्यावा. ‘बँकेतून बोलतो’ असे सांगणाऱ्या अनोळखी माणसाचा क्रमांक ‘बँक’ या नावाने साठविणे म्हणजे चोरास आपणच ओळखपत्र देण्यासारखे आहे. पुढच्या वेळी त्याचा फोन आला की पडद्यावर ‘बँक’ हाच शब्द दिसतो. सरकारी योजनेच्या नावाने येणारी ‘एपीके’ फाईलही उघडू नये. अशा फाईलमुळे मोबाइल परक्याच्या ताब्यात जातो आणि यादीतील सर्वांना आपल्याच नावाने तीच फाईल जाऊ लागते. गावात एकाची चूक मग शंभरांना भोवते.

वर्षातून एकदा साफसफाई

अवजारांची दुरुस्ती जशी पेरणीपूर्वी होते तशी या यादीचीही व्हावी. अक्षय्य तृतीयेच्या सुमारास एक दुपार त्याकरिता काढावी. दुबार नोंदी एकत्र कराव्यात; त्याची सोय यादीतच असते. बदलीवर गेलेले अधिकारी, बंद झालेली दुकाने, मोडलेले व्यवहार यांच्या नोंदी तपासाव्यात. बंद पडलेला मोबाइल क्रमांक ९० दिवसांचा काळ लोटल्यावर दुसऱ्याच ग्राहकास मिळू शकतो. म्हणून जुन्या क्रमांकावर पैसे किंवा कागदपत्रे पाठविण्यापूर्वी माणूस तोच आहे याची प्रत्यक्ष बोलून खात्री करावी.

चुकून एखादी नोंद पुसली गेली तरी घाबरण्याचे कारण नाही. गुगलच्या खात्यातील नोंद ३० दिवसांपर्यंत परत आणता येते. तरीही महत्त्वाचे दहा-बारा क्रमांक मुलांकडून मोठ्या अक्षरांत एका कागदावर लिहवून घरात दाराच्या मागे चिकटवावेत. मोबाइलची बॅटरी संपली तर शेजाऱ्याच्या मोबाइलवरून हेच क्रमांक लावता येतात.

या सर्व कामास पैसा लागत नाही व फार शिक्षणही लागत नाही. आज रात्री जेवणानंतर घरातील एखाद्या मुलास जवळ बसवावे आणि मोबाइल त्याच्या हाती देऊन, एकही नाव न सांगता, पशुवैद्य, वायरमन व रुग्णवाहिका यांचे क्रमांक काढावयास सांगावे. तिन्ही क्रमांक एका मिनिटात निघाले तर नोंदी ठीक आहेत असे समजावे. न निघाल्यास त्याच रात्री दुरुस्तीस आरंभ करावा. कारण गाय अडावयाची ती वेळ पाहून अडत नाही.